आठाचे सोळा

ह्यू केनेडी मला पहिल्यांदा भेटले ते केशवानंद भारती खटल्याच्या निकालपत्रात. २४ एप्रिल १९७३चा निकाल, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. एका बाजूला पालखीवाला, दुसऱ्या बाजूला सीरवाई, दोघंही मुंबईच्या बारमधले. लॉ कॉलेजच्या वाचनालयात त्या जाडजूड निकालाची पानं मी वाचत कमी आणि उलटत जास्त होतो. मधूनच एक परका खटला डोकं वर काढायचा : रायन विरुद्ध लेनन, आयर्लंड. तीन न्यायमूर्ती, त्यातले दोघं एकीकडे आणि सरन्यायाधीश केनेडी एकटे. सगळ्यात उंच खुर्चीवर बसून माणूस हरला, याचंच मला त्या वयात कौतुक वाटलं होतं.

मग जमेल तशी माहिती गोळा करत गेलो. जन्म डब्लिनचा, १८७९चा. कॉलेजात असताना वादविवाद मंडळाची निवडणूक जिंकली. हरलेल्या मुलाचं नाव जेम्स जॉइस. १९०२मध्ये बॅरिस्टर. तिथल्या किंग्ज इन्समध्ये अभ्यासाइतकाच मान पंगतीला. ठरलेली जेवणं जेवल्याशिवाय सनद नाही. आणि सनद मिळाली तरी स्वतःचं चेंबर नाही. लिफी नदीकाठच्या फोर कोर्ट्‌समध्ये सगळे बॅरिस्टर एकाच ग्रंथालयात बसायचे. उद्या ज्याच्याशी भांडायचं तो कदाचित शेजारच्याच टेबलावर. आपल्या तालुक्याच्या बाररूममध्ये एकाच किटलीतला चहा पिऊन दोन वकील समोरासमोर उभे राहतात, तसंच काहीसं.

१९२२ साल मात्र त्या इमारतीच्या मुळावर आलं. वर्षाच्या सुरुवातीला नव्या देशाची घटना लिहायला जी समिती शेलबर्न हॉटेलात बसली, तीत केनेडी होते. जूनअखेर यादवी पेटली आणि फोर कोर्ट्‌सवर तोफा डागल्या गेल्या. शेजारच्या दफ्तरखान्यातले शतकानुशतकांचे कागद पेटले आणि जळके कपटे शहरभर उडत राहिले. इकडे नवा कागद लिहायचा आणि तिकडे जुने सगळे राख व्हायचे, असं ते वर्ष. केनेडी सरकारचे कायदा सल्लागार, म्हणजे या सगळ्याच्या अगदी आत. त्या यादवीत सरकारने ७७ कैद्यांना गोळ्या घातल्या. तो आकडा तिथे अजून सांगतात. त्यामुळे केनेडींना संत करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

१९२४मध्ये ते स्वतंत्र आयर्लंडचे पहिले सरन्यायाधीश झाले. वय ४४. त्यांनी घोड्याच्या केसांचे इंग्रजी विग आणि झगे घालवायचा घाट घातला, कवी येट्‌ससुद्धा त्या खटाटोपात होते. वकिलांनी दाद दिली नाही. विग राहिले. देश बदलणं जमलं, टोप बदलणं जमलं नाही.

आता त्या खटल्याकडे येतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. १९२२च्या घटनेच्या ५०व्या कलमात एक सवलत होती. घटना बदलायची तर लोकांचं मत घ्यायचं, पण पहिली आठ वर्षं संसदेला साध्या कायद्यानेही दुरुस्ती करता येईल. घाईत लिहिलेला मजकूर, बारीकसारीक चुका निघणारच, तेवढ्या निस्तरता याव्यात, हा हेतू. १९२९मध्ये, मुदत संपायच्या आधी, संसदेने ती सवलत वापरून त्या सवलतीलाच हात घातला. ‘आठ’ शब्द काढला, ‘सोळा’ घातला.

एवढंच. एक शब्द.

समजा, गावाकडच्या जमिनीच्या कामासाठी तुम्ही पुतण्याला आठ वर्षांचं मुखत्यारपत्र दिलं, आणि सातव्या वर्षी त्याने त्याच मुखत्यारपत्राच्या जोरावर मुदत सोळा करून घेतली. विचारलं तर म्हणेल, ‘काका, असं करू नको असं तुम्ही कुठे लिहिलं होतं?’

या वाढीव मुदतीत, ऑक्टोबर १९३१मध्ये, संसदेने घटनेत २अ हे कलम घुसवलं. पाच लष्करी अधिकाऱ्यांचं न्यायमंडळ. वाटल्यास कायद्यातल्या शिक्षेहून जबर शिक्षा देणार, मृत्युदंडसुद्धा. दुरुस्त केलेलं फोर कोर्ट्‌स पुन्हा उघडलं तेही त्याच ऑक्टोबरात. रायन आणि इतर कैदी या न्यायमंडळाविरुद्ध कोर्टात आले आणि डिसेंबर १९३४मध्ये निकाल लागला. फिट्झगिबन आणि मर्नाहन यांनी दुरुस्ती वैध ठरवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात त्या पुतण्याचंच : मनाई लिहिलेली नाही, म्हणजे मनाई नाही.

गंमत अशी की मर्नाहनही १९२२च्या त्या समितीत होते. एकाच टेबलावर बसून घटनेचा मसुदा लिहिणाऱ्या दोघांनी बारा वर्षांनी तिच्यातल्या एकाच ओळीचे दोन अर्थ लावले.

केनेडींनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सत्ता लोकांकडून आली, ती आठ वर्षांपुरती आली; घेणाऱ्याला ती स्वतःच वाढवून घेता येत नाही. दुसरी, माणसाच्या कायद्याच्या वर एक निसर्गदत्त, ईश्वरी कायदा आहे आणि २अ त्याला धरून नाही. दुसरं म्हणणं त्यांच्या श्रद्धेतून आलेलं, त्याचीच चर्चा पुढे जास्त झाली. मला पहिलंच भारी वाटतं. त्यात देव लागत नाही, हिशेब लागतो. केशवानंदमध्ये आपल्या न्यायमूर्तींनी या खटल्याचा ऊहापोह केला, तेव्हाही प्रश्न तोच होता : दुरुस्तीचा अधिकार कुठवर.

केनेडी डिसेंबर १९३६मध्ये गेले. पुढच्याच वर्षी आयर्लंडने नवी घटना स्वीकारली. आपल्या संविधानातली मार्गदर्शक तत्त्वं जिथून सुचली, तीच ही. तिच्यातही ५१व्या कलमात तशीच सवलत होती, पहिले राष्ट्राध्यक्ष पदावर आल्यापासून तीन वर्षांची. फक्त या वेळी एक जास्तीची तरतूद होती : ही सवलत वापरून खुद्द ५१वं कलम बदलता येणार नाही. केनेडींचं नाव तिथे कुठेच नाही. ते कलमही आता दिसत नाही. तीन वर्षं सरल्यावर घटनेच्या अधिकृत प्रतींमधून ते वगळलं गेलं. आजची छापील प्रत ५०व्या कलमाशी संपते.