वाचण्यासारखे

२००९च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब हंपी-बदामीला गेलो होतो. तारापूरच्या घराची किल्ली नेहमीप्रमाणे शेजारच्या काकूंकडे होती. ११ नोव्हेंबरला 'फयान' चक्रीवादळाने अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला त्याची झळ फारशी लागली नसेल, अशा समजुतीत आम्ही १५ तारखेला बोईसरला उतरलो.

माजघरावरची कौले उडाली होती. त्याखालीच माझे पुस्तकांचे कपाट. एम.ए.च्या टिपणवह्या आठवल्या आणि पाय जड झाले. पण कपाट रिकामे होते. सारी पुस्तके काकूंच्या ओटीवर, पाने उलगडून, ओळीने वाळत ठेवलेली. काही वह्यांची शाई फुटली होती. बाकी सारे शाबूत होते.

आभार मानता मानता अंगणातल्या भाऱ्यांकडे लक्ष गेले. कापून शेतात पडलेले भात पावसात सापडले होते. लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते. काकूंचे वर्षाचे धान्य ते.

"आधी भात उचलायचं नाही का?" मी कसेबसे विचारले.

"भात भिजलंच होतं, बाई. पुस्तकं तेवढी वाचण्यासारखी होती."

काकू कधी शाळेत गेल्या नव्हत्या. या वाक्यातला श्लेष त्यांच्या गावीही नव्हता. हंपीची पडझड आम्ही तिकीट काढून, हळहळत पाहिली होती. ही पाहताना मान वर करवेना.

वर्गात श्लेष शिकवताना हे उदाहरण दरवर्षी ओठांवर येते. अजून ते देववलेले नाही.