गुनाह आणि जुर्म

उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो, गुनाह आणि जुर्म हे शब्द एक नाहीत. गुनाह बंदा आणि अल्लाह यांच्यातला. त्यासाठी तौबा आहे. जुर्म मात्र सरकारने न्यायालयात सिद्ध करायचा असतो.

लेण्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतही आता रोज कुरिअर येते. एका आईने आम्हाला विचारले, "पोरानं फोनवरून नशेचं काही मागवलं आणि पकडला गेला, तर सगळं कबूल कर म्हणू का? खोटं कसं बोलायचं?"

नशा हराम, यात वाद नाही. पण गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. राज्यघटनेच्या कलम २०(३) ने तो हक्क दिला आहे. एनसीबीच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा धरता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात वकील आधी पाहतो, माल किती? गांजा १ किलोपर्यंत अल्प. एमडीएमए मात्र अर्धा ग्रॅमपर्यंतच. एमडीएमए १० ग्रॅमच्या वर गेले की मात्रा व्यावसायिक ठरते आणि जामीन फार कठीण होतो. मग प्रश्न येतो, पार्सल कोणी मागवले? ताबा सरकारने दाखवायचा. तो दाखवला की 'आत काय ते ठाऊक नव्हते' हे सिद्ध करणे आरोपीवर येते. म्हणून ऑर्डर कोणाच्या फोनवरून गेली, पैसे कोणी भरले, याचे कागद महत्त्वाचे. फोनमधल्या मजकुराची प्रत हजर करायची तर प्रमाणपत्र लागते, हे जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात ठरले.

२०२१ च्या क्रूझ प्रकरणात आर्यन खानजवळ काही सापडले नव्हते. भिस्त चॅटवर होती. त्यातून कट दिसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले. मे २०२२ च्या आरोपपत्रात त्याचे नाव आले नाही. तोवर जवळपास चार आठवडे कोठडीत गेले होते. त्याच्या वडिलांना मोठे वकील करता आले. आपल्या मोहल्ल्यातल्या बापाने लक्षात ठेवावे, कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो; तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आणि पोराला खरेच व्यसन असेल, तर ते अब्रूखातर झाकू नका. अल्प मात्रेच्या प्रकरणात जो स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो, त्याला कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देते; उपचार मात्र पुरा करावा लागतो. तौबेची वाट कायद्यानेही बंद केलेली नाही.