पाय पुन्हा जड झाला तर

१२ जून, सांगली

राड झालेल्या अंगणात पाय घसरून आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, "नाही मॅडम, हार्टची एक साधी गोळी आहे तेवढीच." सूनबाईंनी औषधांची पिशवीच आणली होती, तेवढं बरं. आत क्लोपिडोग्रेलची पट्टी, म्हणजे रक्त पातळ करणारीच गोळी, सकाळचीच काढलेली. गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय.

कमरेत सुई द्यायची तर ही गोळी बंद करून पाच ते सात दिवस थांबावं लागतं. तेवढे दिवस आजींना मोडलेल्या खुब्यानं पडून ठेवलं तर छातीत कफ साठणार, पाठीला जखमा होणार. म्हणून पूर्ण भूल, आणि दुखू नये म्हणून मांडीच्या नसेजवळ इंजेक्शन, असं ठरवलं. "या वयात पूर्ण भूल? नुसती कमरेखालची द्या की," मुलगा काकुळतीला आला होता. आज कमरेखालचीच जास्त धोक्याची का, हे त्याला बसून समजावलं. त्याला पटलं. सूनबाईंना आधीच पटलं होतं.

१३ जून

आजींची तब्येत ठीक. सकाळी चहा मागितला.

मुलाला समजावलेला धोका असा: मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, मणक्याच्या पोकळीत शिरांचं जाळं असतं. सुईनं किंवा कॅथेटरनं एखादी शीर दुखावते, थेंबभर रक्त येतं, गोठतं, विषय संपतो. गोठलं नाही तर साचत जातं, आणि चहूबाजूंनी हाड असल्यामुळे सगळा दाब नसांवर येतो. वय झालेल्या बायकांच्या मणक्यात जागा आधीच कमी असते. स्वीडनमध्ये १९९० ते १९९९ या दहा वर्षांची मोजदाद झाली आहे. बाळंतपणातल्या एपिड्युरलनंतर, म्हणजे पाठीतल्या बारीक नळीतून दिलेल्या भुलीनंतर, असा रक्तस्राव २ लाखांत एकीला झाला होता, गुडघा बदलताना एपिड्युरल घेतलेल्या बायकांत ३,६०० मध्ये एकीला. दोन्हींना 'क्वचित' म्हणायचं, पण दोन्हींकडे एकाच नजरेनं बघून चालणार नाही.

१८ जून, रात्र

पावणेबाराला फोन. गुडघा बदललेल्या काकू, पाठीत एपिड्युरलचं कॅथेटर, पंप चालू. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, संध्याकाळी दोन्ही पाय हलवत होत्या. आता डावा उचलत नाहीत. दुखत काहीच नाही म्हणतात." ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं. रक्त गोठू नये म्हणून द्यायचं एनोक्सापॅरिनचं इंजेक्शन आठ वाजता झालेलं.

पंप फोनवरच बंद करायला लावला आणि निघाले. चादर बाजूला करून म्हटलं, "काकू, टाच गादीवरून उचला." मांडीचा स्नायू नुसता थरथरला, टाच जागची हलली नाही. भुलीचं औषध जास्त झालं असेल तर पंप बंद केल्यावर पाय सुटायला हवा. न सुटला तर रात्रीच एमआरआय, आणि रक्त दिसलं तर लगेच मणक्याचं हाड उघडून दाब काढायचा. १९९४ साली जगभरच्या ६१ रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. पाय लुळे पडल्यापासून आठ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांचे पाय सावरण्याची शक्यता त्यांत सर्वांत जास्त दिसली. सकाळी राउंडला बघू म्हणण्याइतका वेळ यात नसतो. एमआरआय सेंटरच्या माणसाला उठवून मशीन तयार ठेवायला सांगितलं, न्यूरोसर्जननाही कल्पना दिली.

दीड वाजता अंगठा हलला. सव्वादोनला टाच वीतभर वर आली. भुलीचं औषधच जास्त झालं होतं. सिस्टर ओशाळून म्हणाल्या, "उगाच उठवलं तुम्हाला." त्यांना म्हटलं, उद्या असंच झालं तर उद्याही उठवा.

१९ जून

आठच्या आधी कॅथेटर काढू दिलं नाही. रक्तस्राव सुई घालतानाच होतो असं नाही, कॅथेटर ओढतानाही होतो. म्हणून शेवटच्या इंजेक्शनपासून बारा तास, आणि काढल्यावर पुढच्या इंजेक्शनआधी चार तास. हे अंतर फार महागात पडून शिकलेलं आहे. अमेरिकेत एनोक्सापॅरिन १९९३ साली आलं. युरोपात दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम देत, अमेरिकेत ३० मिलिग्रॅम दोनदा देऊ लागले. दोन डोसांच्या मधे औषध पुरतं उतरलंय अशी वेळच सापडेना. कण्यातल्या रक्तस्रावाच्या तक्रारी साठत गेल्या आणि १९९७ च्या डिसेंबरात तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला.

२४ जून

ओपीडीत एक बाई. सिझर होऊन सहा वर्षं झाली, "कमरेतल्या इंजेक्शनपासून पाठ दुखते." बऱ्याच घरांत हे ऐकते. बाळाला वाकून उचलणं, झोप नाही, बाळंतपणात सैल पडलेले स्नायू, यांचा दोष त्या बारीक सुईवर जातो. आणि जे खरोखर भिण्यासारखं आहे, म्हणजे भूल उतरून सुटलेला पाय पुन्हा जड होणं, ते घरी कुणालाच ठाऊक नसतं.

वॉर्डात लावायला मराठीत कागद लिहिला. भुलीच्या शेवटच्या डोसनंतर चार तासांनी टाच उचलता आली पाहिजे. पाय सुटून पुन्हा जड झाला, लघवी अडली, पाठीत नव्यानं कळ आली, तर लगेच कळवा, रात्र असली तरी. सिस्टरनी वाचून विचारलं, "आणि पाठ दुखत नसेल तर?" बरोबर विचारलं, काहींची पाठ दुखतच नाही. 'पाठ दुखत नसली तरी' हे शब्द 'लगेच कळवा'च्या आधी घातले आणि कागद त्यांच्याच हातून वळणदार अक्षरात लिहून घेतला.