आधी उतार, मग टाइल्स

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला मंगला गौरीचं देऊळ आहे. महाराष्ट्रातल्या नव्या सुनेची श्रावणात मंगळागौर होते. काशीतल्या इथल्या मराठी सुनेच्या तर पत्त्यातच मंगला गौरी असते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात पेशवाईपासून मराठी कुटुंबं राहत आली आहेत. घरं जुनी, मधे चौक, भिंती लखौरी विटांच्या आणि चुन्याच्या, मजल्याखाली लाकडी तुळया. अशाच एका घरातल्या सूनबाईंनी न्हाणीघर नवं करायला एक लाख रुपये बाजूला काढले होते.

निमित्त सासूबाईंचं. वय अठ्ठ्याहत्तर. घाटाच्या उंच पायऱ्या झेपेनात म्हणून गंगास्नान सुटलं, पण पहाटेची आंघोळ चुकत नाही. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, मोरी आणि संडास खाली चौकाच्या कोपऱ्यात. मधला दगडी जिना अंधारा, आणि पावसाळ्यात ओला. एकदा त्या चार पायऱ्या घसरल्या. हाड वाचलं, पण त्यानंतर त्या जिना उतरायला लागल्या की सगळं घर श्वास रोखून ऐकत बसे.

साहजिकच पहिला बेत ठरला तो वरच, खोलीला लागून बाथरूम करण्याचा. सूनबाई टाइल्सची दुकानंही पाहून आल्या. तेवढ्यात ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री येऊन गेला. त्याने टाइल्सकडे पाहिलंही नाही. तुळया ठोकून पाहिल्या आणि हिशेब मांडला. जागा पाच फूट बाय सात फूट. पाइप बसवायला सहा इंच भराव घातला तर त्याचंच वजन पाऊण टनाच्या आसपास. वर फरशी, भरलेल्या बादल्या, माणूस. शिवाय सांडपाण्याचा पाइप चौकापर्यंत न्यायचा म्हणजे जुनी भिंत फोडणं आलं. गळती लागली तर ती थेट तुळईत मुरणार, आणि तुळई सडलेली कळते ती वाकल्यावर.

तेव्हा उपाय एकच उरला: पाइप वर नेण्याऐवजी माणसालाच खाली आणायचं. मोरीला लागून असलेली अडगळीची खोली सासूबाईंसाठी रिकामी करायची. यात पैसे वाचत होते, पण सासूबाईंची खिडकी जात होती. पन्नास वर्षं ज्या खिडकीतून त्यांनी गंगा पाहिली, ती खाली कुठून मिळणार? दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

सूनबाईंनीही घाई केली नाही. मधल्या काळात त्या कागदपत्रांच्या मागे लागल्या. गंगाकाठापासून 200 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. दुरुस्तीसाठीही वाराणसी विकास प्राधिकरणात आधी विचारलेलं बरं. मग खर्चाचा कागद पुन्हा लिहिला. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स म्हणजे सुमारे 150 चौरस फूट. चार फुटांपर्यंत लावल्या तर 86 पुरतात. वर चुन्याचाच गिलावा ठेवायचा, कारण चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. आणखी एक आकडा तिथल्याच माणसाला सुचतो. गल्ली इतकी अरुंद की रेतीपासून मलब्यापर्यंत सगळं डोक्यावरून वाहायचं. ही मजुरी अंदाजपत्रकात धरली नाही, तर काम निम्म्यावर आल्यावर पैसे संपतात.

वाचलेले पैसे गेले ते न दिसणाऱ्या गोष्टींत. नवे पाइप, जाळीखाली वास अडवणारा ट्रॅप, मीटरमागे सव्वा सेंटीमीटर उतार. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचऱ्याचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं, आणि मगच टाइल्स. जमिनीला चकचकीत नव्हे, खरखरीत टाइल. आधाराच्या दांड्यासाठी भिंतीत आरपार बोल्ट, कारण जुन्या विटेत स्क्रू धरत नाही. गीझरसाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी. आणि दार बाहेर उघडणारं! आत माणूस पडला आणि दार आतच उघडत असलं, तर ते उघडायचं कसं, हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारतच नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच खालच्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांच्या दोन अटी होत्या. संडास आणि न्हाणी यांच्यात भिंत हवी, पडदा चालणार नाही. ती भिंत कागदावर आधीच होती. दुसरी अट कार्तिकाची. पंचगंगेवर आकाशदीप लागतात तेव्हा रोज संध्याकाळी मुलाने त्यांना खुर्चीत बसवून गच्चीवर न्यायचं. मुलगा हो म्हणाला, आणि खुर्ची उचलायला दुसरा माणूस कोण, याचा शोध गल्लीत त्याच दिवशी सुरू झाला.