तारीख आहे, साल नाही

हँडबिल गुलाबी कागदाचं आहे. घड्यांवर इतकं विरलेलं, की उलगडताना आपसूक श्वास रोखला जातो. वर गणपतीचा ठसा, खाली नाटकाचं नाव, मग 'मंडईनिमित्त' (मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा), 'महिलांकरिता बसण्याची स्वतंत्र सोय' आणि शेवटी 'मंगळवार, दि. 14 नोव्हेंबर, रात्री 10 वाजता'. साल कुठंच नाही. असेल तरी कशाला? ज्यांच्यासाठी ते छापलं, त्यांना साल ठाऊकच होतं.

हे माझ्या हाती आलं तेव्हा नावामागे डॉक्टर लागून मला तीनच महिने झाले होते. प्रबंध पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर. नोकरी नव्हती, म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परतले होते. तिथं एक निवृत्त ग्रंथपाल राहतात. आम्ही त्यांना सरच म्हणतो. त्यांच्या माजघरात चार ट्रंका आहेत. नाटकांची हँडबिलं, शंकरपटाची पत्रकं, शाळांच्या स्मरणिका, लग्नातल्या गाण्यांच्या वह्या, असं कुठल्याच ग्रंथालयानं न मागितलेलं सगळं त्यांत कडुलिंबाच्या पाल्यात जपलेलं. "डॉक्टर झालीस नं, मग याची एक नोंद करून दाखव," सर म्हणाले.

मी उत्साहानं पानभर लिहिलं. कृषिसंस्कृती, लोकरंजन, स्त्रीप्रेक्षक, सगळं आलं त्यात. सरांनी चष्मा वर सरकवला. "हे तुझं म्हणणं झालं. कागदाचं म्हणणं कुठं आहे?" त्यांनी पट्टी पुढं केली. लांबी, रुंदी, रंग, छापखान्याचं नाव, फाटलेला कोपरा. "आणि शाई नको. शिसपेन्सिल घे."

माझं खरं शिक्षण तिथं सुरू झालं. पाच वर्षं मी कागदांकडे मला हवं तेवढंच मागत आले होते. आता कोण, कधी, काय मागायला येईल याचा पत्ता नसताना कागद राखायचा होता. टंकांचा अभ्यासक येईल, नाहीतर आजोबांचं नाव शोधत एखादी नात येईल.

साल काढायचं कसं? सर म्हणाले, वार आहे ना? पंचांगं काढून बसलो. गेल्या पन्नास वर्षांत 14 नोव्हेंबरला मंगळवार सात वेळा आला: 1978, 1989, 1995, 2000, 2006, 2017 आणि 2023. गावाच्या नावापुढे छापलंय 'जि. भंडारा'. आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला 1 मे 1999 ला. म्हणजे शेवटची चार सालं गळाली. उरली तीन.

मग मी हँडबिल घेऊन शेजारच्या आजीकडे गेले. तिला वाचता येत नाही. मी नाटकाचं नाव वाचलं, तशी ती हसली. "पाह्यलं नं जी! बोडीच्या पारीवरून चालत गेलो. चांदनं असं पडलं होतं, का कंदील पेटवाची गरज नाई पडली."

बोडी म्हणजे तळं, पारी म्हणजे त्याचा बांध. पण चांदणं! घरी येऊन पुन्हा पंचांग उघडलं. 1995 सालची ती रात्र कार्तिक वद्यातली, चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणारा. नाटकाला निघालेल्यांना अंधारच लागला असता. 1989 साली मात्र आदल्याच दिवशी कार्तिकी पौर्णिमा झाली होती. 1978 लाही चांदणं होतं, पण आजी या गावात सून म्हणून आली त्यानंतर. मी नोंदीत लिहिलं: 1989. सरांनी पेन्सिल घेऊन त्याभोवती चौकटी कंस टाकला आणि आत एक प्रश्नचिन्ह काढलं. "आजीनं दोन रात्री एकात मिसळल्या असल्या तर? पुढच्याला दुरुस्त करायला जागा ठेव." प्रबंधात मी एकही प्रश्नचिन्ह ठेवलं नव्हतं, ठेवलं असतं तर परीक्षकांनी तिथंच बोट ठेवलं असतं.

पीएचडीकडून ग्रंथालयाकडे जाणाऱ्या या वळणासाठी अमेरिकेत रीतसर सोय झाली. कौन्सिल ऑन लायब्ररी अँड इन्फर्मेशन रिसोर्सेसनं 2004 साली नव्यानं पीएचडी झालेल्यांना ग्रंथालयांत घेऊन शिकवायची योजना सुरू केली. तिथल्या मोठ्या विद्यापीठांना एकेका प्रदेशाची भाषा जाणणारा ग्रंथपाल लागतो. दक्षिण आशियासाठी तर नक्कीच, कारण आपण घेतलेल्या गव्हाच्या बदल्यात साठलेल्या रुपयांतून, पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली, 1962 पासून आपलीच पुस्तकं तिकडे गेली. शिकागोच्या कपाटांत मराठीच्या रांगा उभ्या राहिल्या त्या अशा. पण गव्हाच्या पैशानं पुस्तकं घेतली गेली. बोडीच्या पारीवरून वाटलेलं हँडबिल त्या वाटेनं कसं जाणार?

आणि हे वळण काही नवं नाही. रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते गणित शिकवणं सोडून, आणि काम शिकायला लंडनला गेले. आमच्या तालुक्यातलं उदाहरण तर त्याहून जवळचं. मारुती चितमपल्ली वनविद्या शिकले कोइमतूरला, पण नवेगावबांधला आल्यावर जंगल वाचायला शिकले माधवराव पाटील डोंगरवारांकडे. कुठल्या पाखराला इथली माणसं काय म्हणतात, ते विचारत राहिले. पुढं पक्षिकोश झाला. 2025 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मला वाटलं, इतका मोठा मुलुख-ग्रंथपाल आपल्याकडे होता आणि आपण त्यांना नुसतं अरण्यऋषी म्हणत राहिलो. शिकलेल्या माणसानं पुन्हा विद्यार्थी होऊन ओसरीवर बसायचं, एवढाच त्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असावा.

नोंदीच्या शेवटी 'टीप' नावाचा रकाना असतो. तिथं आजीचं वाक्य मी तिच्याच बोलीत उतरवलं. झाडीबोलीत 'ण' नाही. म्हणून चांदणं नाही, चांदनं. प्रबंधात मी ते शुद्ध करून घेतलं असतं.

परवा यंदाच्या मंडईचं हँडबिल आलं. गुळगुळीत, चाररंगी, नटांचे फोटो, सहा मोबाइल नंबर. वार आहे, तारीख आहे. साल नाही. मी ते उलटं केलं, आणि खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं साल लिहिलं. या वेळी प्रश्नचिन्ह लागलं नाही.