पेशा सुटल्यावर

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात नातवाने आम्हांस मोबाईलवरील एक खेळ शिकविला. १९९२ साली जपानात निघालेला ‘फायनल फँटसी ५’. त्यात चौघांची तुकडी असते व प्रत्येकास पेशा नेमून द्यावा लागतो. आम्ही चौघांनाही तलवारबहाद्दर केले आणि सपशेल हरलो.

“आजोबा, जखमा कोण भरणार?” नातू हसला.

मग एकास उपचार करणारा मांत्रिक केले. त्याच रानात, त्याच क्षुद्र शत्रूंशी पुनःपुन्हा झुंजणे आले. अशा घोटण्याने विद्या मुरते. पेशा बदलला तरी तिचा काही अंश बरोबर नेता येतो.

घोटणे आमच्या घराण्यास नवे नव्हते. पणजोबांनी होळकरांच्या इंदुरात मोडीत दफ्तर लिहिले, वडिलांनी शाळेत व्याकरण शिकविले, आम्ही कचेरीत हिशेब केले. परंतु खुर्ची सुटल्यापासून आपण कोण, हा प्रश्न आम्हांस सतावीत होता.

या खेळात एक बिनपेशाचा गडीही असतो. आरंभी त्याला विशेष अशी कोणतीच विद्या नसते. मात्र जे पेशे त्याने पूर्ण हस्तगत केले, त्यांचे अंगभूत गुण त्याच्या ठायी एकवटतात. म्हणून अखेरच्या लढाईत पुष्कळ खेळाडू त्यालाच पुढे करतात.

हे उमगले त्या रात्री आम्ही पणजोबांचे मोडी कागद पेटीतून काढले. नातू शेजारी येऊन बसला. पहिली ओळ गिरविताना त्याने विचारले, “अजून किती वेळा?”

“रानात झुंजलो तितक्या वेळा,” आम्ही म्हणालो.

त्याने निमूटपणे बोरू उचलला.