अग्नीचीं दोन रूपें

अग्नि हा आपल्याकडे एकाच वेळीं देवहि आहे आणि काळहि आहे. चुलींत तो अन्न शिजवितो, होमांत हवि स्वीकारतो, आणि अखेरीस आपला देहहि त्याच्याच स्वाधीन होतो. म्हणूनच रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची १९५३ सालीं प्रसिद्ध झालेली 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी मराठी वाचकास परकी वाटूं नये.

तींतील नगरांत बंबवाले आग विझवीत नाहींत, लावतात. पुस्तक सांपडलें कीं तें घरासकट जाळणें हें त्यांचें सरकारी काम. एक वृद्धा आपलीं पुस्तकें सोडून बाहेर येण्यास नकार देते, स्वतःच्या हातानें काडी ओढते आणि त्यांच्यासह जळून जाते. तेव्हांपासून माँटॅग या बंबवाल्याचें मन अस्वस्थ होतें. पुढें तो नगरांतून पळतो तेव्हां शेकोटीभोंवतीं बसलेलीं माणसें त्याला भेटतात, आणि आग ऊबहि देते हें त्याला प्रथमच उमगतें. त्यानंतर लवकरच तें नगर बाँबवर्षावांत नष्ट होतें.

परंतु मला वाटतें, खरा विनाश त्यापूर्वींच झालेला असतो. माँटॅगचा वरिष्ठ बीटी त्याला सांगतो कीं, वाचन प्रथम लोकांनींच टाकलें. कोणाचें मन दुखवूं नये म्हणून ग्रंथ पातळ झाले, भिंतीएवढ्या पडद्यांवरील करमणुकींत माणसें रमलीं, आणि सरकार मागाहून आलें. बंबवाल्यांनीं केवळ प्रेताला अग्नि दिला.

सातपूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या आईबापांचीं मुलें माझ्या वर्गांत असतात. ही कादंबरी शिकवीत असतां त्यांपैकीं एकानें विचारलें, "सर, महाडला मनुस्मृति जाळली, तेंहि असेंच का?"

प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. १९३३ च्या १० मे रोजीं बर्लिनमध्यें विद्यार्थ्यांनीं ग्रंथांची होळी केली ती सत्तेच्या छत्राखालीं. लोकांच्या हातून ते ग्रंथ नाहींसे व्हावेत हाच तिचा हेतु होता. महाडची गोष्ट निराळी. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलें, चवदार तळ्याचें पाणी प्याल्याबद्दल त्याच वर्षीं मार्चमध्यें ज्यांनीं मार खाल्ला, त्यांनीं २५ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं तो ग्रंथ जाळला. कोणाच्या कपाटांतील प्रत त्यांनीं ओढून काढली नाहीं. ग्रंथ आजहि मिळतो. ज्या पुरुषानें तो जाळविला त्यानें तो बारकाईनें वाचून त्याचें खंडनहि लिहिलें, आणि दादरच्या 'राजगृहां'त ग्रंथांना मानाची जागा दिली. त्या आगीचा रोख वाचकावर नव्हता, अधिकारावर होता.

अर्थात् प्रत्येक संतापाला महाडचें नांव घेतां येणार नाहीं. शिवछत्रपतींवरील एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचा राग म्हणून ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर संस्थेंत जमावानें नासधूस केली. तेथें हानि पोंचली ती शतकांच्या ठेव्याला. म्हणून मीं त्या मुलास दोनच गोष्टी तपासावयास सांगितल्या: जाळणाऱ्याच्या हातीं सत्ता आहे काय, आणि त्यानें तो ग्रंथ आधीं वाचला आहे काय?

कादंबरीच्या शेवटीं शेकोटीजवळच्या माणसांनीं एकेक ग्रंथ तोंडपाठ केलेला असतो. तुकोबांची गाथा इंद्रायणींत बुडविल्याची आणि ती तरल्याची कथा ज्या समाजांत घरोघरीं सांगतात, त्याला याचें मर्म सांगावें लागूं नये. चमत्कार मानो वा न मानो, अभंग वारकऱ्यांच्या मुखीं होते, म्हणून टिकले. हल्लीं आपल्या घरांत कोणाला काय मुखोद्गत आहे, एवढें प्रत्येकानें एकदां पाहावें.